पट, पडदा आणि गुरुवारची बैठक

१ सप्टेंबर १९७२ रोजी आइसलँडमधील रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यातला जगज्जेतेपदाचा सामना संपला. एकविसावा डाव आदल्या दिवशी तहकूब झाला होता. स्पास्की तो पुढे खेळायला आलाच नाही. त्याने दूरध्वनीवरून डाव सोडल्याचे कळवले. ज्या सामन्याने बुद्धिबळ जगभर पोहोचवले, त्याच्या शेवटच्या क्षणाचे चित्र त्यामुळे अस्तित्वातच नाही. यानंतर महिन्याभराने, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बुद्धिबळ आणि पडदा यांचे नाते तपासायला बसलो की मला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकीकडे चित्राविना संपलेला डाव आहे आणि दुसरीकडे घराघरांत शिरू पाहणारे चित्र.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात सत्तावीस वर्षे काढली. बुद्धिबळाची कात्रणे, जुने डाव आणि चित्रफिती जमवणे हा त्या काळापासूनचा नाद आहे. या लेखात मला एकच प्रश्न धसाला लावायचा आहे. दूरचित्रवाणी जेव्हा बुद्धिबळ दाखवते, तेव्हा ती नेमके काय दाखवते? आणि ती एखाद्या मोहल्ल्यातल्या, कामगार वसाहतीतल्या बुद्धिबळ मंडळात येते, तेव्हा त्या मंडळाचे काय होते? प्रश्नाचा दुसरा भाग फारसा कोणी विचारत नाही. समीक्षा सिनेमाची होते, मालिकांची होते. बातमीतल्या दीड मिनिटाच्या तुकड्याची होत नाही. मात्र आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ते तेवढेच दीड मिनिट.

चित्राविना गाजलेला कार्यक्रम

रेक्याविकमध्ये कॅमेऱ्यावरून रण माजले होते. चित्रीकरणाचे हक्क चेस्टर फॉक्स या निर्मात्याकडे होते. कॅमेऱ्यांचा त्रास होतो, अशी फिशरची तक्रार होती. पहिला डाव हरल्यावर तो दुसऱ्या डावाला आलाच नाही, आणि तो डाव त्याच्या नावावर पराभव म्हणून लागला. तिसरा डाव प्रेक्षागृहातून हलवून आतल्या एका खोलीत, प्रेक्षकांपासून दूर खेळवला गेला. फिशरने तो जिंकला आणि पुढे सामनाही १२½–८½ असा जिंकला. फिशरच्या लहरीपणाच्या गोष्टी मराठीतही पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्या बाजूला ठेवल्या, तरी त्याच्या तक्रारीतला एक मुद्दा उरतो. विचार करणाऱ्या माणसाकडे रोखलेले यंत्र त्या विचारात ढवळाढवळ करते.

आता याच सामन्याची दुसरी बाजू पाहू. अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणीवर शेल्बी लायमन नावाचा बुद्धिबळशिक्षक हा सामना दाखवत होता. ‘दाखवत होता’ म्हणायचे, पण त्याच्याकडे रेक्याविकचे थेट चित्र नव्हते. होता तो एक मोठा भिंतीवरचा पट, काही पाहुणे खेळाडू आणि चाल कळवणारे तारयंत्र. चाल आली की घंटा वाजायची. एका चालीपासून दुसऱ्या चालीपर्यंत वीस मिनिटे जात, कधी त्याहून जास्त. त्या मोकळ्या वेळात लायमन आणि पाहुणे पुढची चाल काय असेल याचा अंदाज बांधत, वाद घालत आणि बहुतेक वेळा चुकत. दिवसाला सुमारे पाच तास हे चाले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासाठी वाहिनीने हा कार्यक्रम मध्येच तोडला, तेव्हा प्रेक्षकांच्या दूरध्वनींचा असा भडिमार झाला की वाहिनीला परत पटाकडे वळावे लागले.

हा प्रसंग बुद्धिबळाच्या इतिहासात गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो पुरावा आहे. बुद्धिबळ संथ आहे म्हणून पडद्यावर चालत नाही, ही समजूत लायमनने पन्नास वर्षांपूर्वीच खोटी ठरवली. त्याच्याकडे खेळाडूंचे चेहरे नव्हते, घाम नव्हता, टाळ्या नव्हत्या. जे होते ते आपल्याकडच्या कोणत्याही बुद्धिबळ मंडळात संध्याकाळी असते: एक पट, भोवती पाच-सात माणसे आणि ‘इथे उंट मारला तर?’ असे विचारणारा कोणीतरी. लायमनने मंडळच पडद्यावर आणले होते. घरी बसलेला माणूस त्या मंडळाचा आणखी एक सभासद झाला, कारण पडद्यावरच्या तज्ज्ञालाही पुढची चाल ठाऊक नव्हती. दोघांचे अज्ञान सारखे होते.

याच कार्यक्रमात विश्लेषक म्हणून काम केलेल्या ब्रूस पँडॉल्फिनी या तरुणाने पुढे बुद्धिबळशिक्षक म्हणून मोठे नाव कमावले. २०२० मध्ये आलेल्या ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या मालिकेच्या सल्लागारांत गॅरी कास्पारोव्हबरोबर त्याचेही नाव होते. पडद्यावरच्या बुद्धिबळाची दोन टोके त्या एका माणसाच्या आयुष्यात जोडली गेली आहेत. एका टोकाला चेहरा नसलेला पट आहे. दुसऱ्या टोकाला पट जवळजवळ न समजताही पाहता येईल अशी एका मुलीची गोष्ट आहे.

विचाराला आवाज

पडद्याने बुद्धिबळाशी केलेला दुसरा प्रयोग ब्रिटनमधला. बीबीसीचा ‘द मास्टर गेम’ १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. त्यातली क्लृप्ती साधी होती. डाव आधी खेळून व्हायचा. मग दोन्ही खेळाडू त्या त्या क्षणी आपल्या मनात काय चालले होते, ते जणू आत्ताच चालले आहे असे बोलून ध्वनिमुद्रित करायचे. पडद्यावर पटावरची चिन्हे सरकायची आणि वर आवाज यायचा. एकाला वाटे की आपला हल्ला आता थांबत नाही. त्याच घटकेला दुसरा मनाशी म्हणत असे की हा हल्ला फुसका आहे. प्रेक्षकाला दोन्ही मने ऐकू येत, आणि त्यातले खरे कोणते, हे मात्र त्याला स्वतःच ठरवावे लागे.

या पद्धतीचा दोष उघड आहे. निकाल ठाऊक असलेला माणूस निकाल ठाऊक नसल्याचे सोंग करतो, आणि हरणारा आपल्या चुकीला नकळत थोडी शोभा आणतो. तरीही मी या कार्यक्रमाला वरच्या प्रतीचा मानतो, कारण त्यात हरणाऱ्याला जिंकणाऱ्याइतकाच वेळ मिळे. डावाचे दोन लेखक असतात, हे त्या निर्मात्यांनी मान्य केले होते.

नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरच्या स्पर्धेत २०१५ पासून ‘कबुलीची खोली’ आली. डाव चालू असतानाच खेळाडूने उठून एका छोट्या खोलीत जायचे, कॅमेऱ्याशी दोन मिनिटे बोलायचे आणि परत पटावर येऊन बसायचे. प्रतिस्पर्ध्याला ते ऐकू जात नाही. मास्टर गेमचीच ही ताजी आवृत्ती आहे आणि एका अर्थी अधिक प्रामाणिक, कारण बोलणाऱ्याला निकाल खरोखरच माहीत नसतो. पण आज ती खोली ज्या प्रक्षेपणात येते, त्याच्या कडेला आणखी एक वस्तू उभी असते. तिच्यामुळे खोलीतल्या माणसाचे बोलणे प्रेक्षकाच्या कानी पडण्याआधीच खोटे ठरलेले असते. त्या वस्तूकडे वळण्याआधी चेहऱ्याचा प्रश्न पाहू.

चेहरा

१ जून २०२५ रोजी याच नॉर्वेतल्या स्पर्धेत मॅग्नस कार्लसन डी. गुकेशकडून हरला. डावाचा बराच काळ वरचष्मा कार्लसनचा होता. वेळ संपत आली तेव्हा त्याच्या हातून घोडचूक झाली, त्याने टेबलावर मूठ आपटली आणि मोहरे उडाले. काही सेकंदांचा तो तुकडा जगभर फिरला. आमच्या भागातल्या चहाच्या टपरीवरही तो दिसला. ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या किती जणांना गुकेशने त्याआधी हरत्या स्थितीत तासन्‌तास कसा तग धरला हे कळले असेल? पण त्या दिवशीचे बुद्धिबळ त्या तग धरण्यातच होते. मूठ आपटणे ही त्या बुद्धिबळाची पावती होती. पडद्याने माल ठेवून घेतला आणि पावती तेवढी वाटली.

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने बाजी मारली. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म हाती नसताना ती या स्पर्धेला गेली होती; विजेतेपदाने तिला तो किताब थेट मिळाला. वृत्तवाहिन्यांवर त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस काय दिसत होते? आईला मिठी मारून रडणारी एकोणीस वर्षांची मुलगी. ते दृश्य खरे होते, हलवून सोडणारेही होते, आणि ते दाखवू नये असे कोणी म्हणणार नाही. पण त्या अंतिम डावातली एकही स्थिती मी मराठी वृत्तवाहिनीवर अर्धा मिनिटसुद्धा पाहिली नाही. क्रिकेटमध्ये विजयी षटकार दाखवल्याशिवाय विजयाची बातमी पुरी होत नाही. बुद्धिबळात मात्र विजयी चाल वगळून विजय दाखवता येतो, आणि ते कोणाला खटकतही नाही.

याच दिव्याने जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा खेळून आल्यावर, एक जाहीर तक्रार केली होती. आपल्या चाली सोडून प्रेक्षक कपडे, केस, बोलण्याची ढब असल्याच गोष्टींकडे पाहतात, असा तिचा रोख होता. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिच्या तक्रारीची चर्चा स्त्री-पुरुष भेदाच्या अंगाने झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तिला चित्रीकरणाचेही एक अंग आहे. पटावर काय चालले आहे हे सांगण्याची जबाबदारी पडदा टाळतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना चेहऱ्याशिवाय दुसरे काही उरत नाही. मग डोळे तिथेच चरतात, आणि त्याची किंमत मुलींना जास्त मोजावी लागते.

मराठी मुलुखाला या बाबतीत जुना अनुभव आहे. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशी मनाई करता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्या काळी ही बातमी लोकांपर्यंत गेली ती वर्तमानपत्रांतून. वर्तमानपत्रात छायाचित्र येई, तसा डावही येई: पटाची आकृती आणि खाली चालींची नोंद. ती नोंद घेऊन कोणालाही घरच्या पटावर तो डाव पुन्हा खेळता येई. छापील स्तंभाने वाचकाला काम दिले होते. पडद्याने ते काढून घेतले.

पट्टी

आता त्या कडेला उभ्या वस्तूविषयी. बुद्धिबळाचे कोणतेही थेट प्रक्षेपण लावा. पटाच्या शेजारी एक उभी पट्टी दिसेल, अर्धी पांढरी, अर्धी काळी. संगणक प्रत्येक क्षणी स्थिती मोजतो आणि पट्टी वरखाली होते. मोजण्याचे माप प्यादे आहे. +१ म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एका प्याद्याइतके अधिक. +५ म्हणजे काळ्याने आता आशा सोडावी. ही गणना करणारा ‘स्टॉकफिश’ हा प्रोग्रॅम कोणालाही फुकट मिळतो आणि जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा तो चांगला खेळतो.

आमच्या खात्यात ‘गो-नोगो गेज’ नावाचे हत्यार असे. भोक ठरल्या मापात आहे की नाही हे ते क्षणात सांगते. एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. भोक चुकले असेल तर का चुकले, ड्रिल झिजले होते की जॉब नीट पकडला नव्हता, हे मात्र ते सांगत नाही. ते शोधायला मशीनपाशी जावे लागते, ऑपरेटरशी बोलावे लागते. ही पट्टी म्हणजे बुद्धिबळाचे गो-नोगो गेज आहे. माल पास की रिजेक्ट एवढेच ती सांगते.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातला चौदावा आणि शेवटचा डाव चालू होता. गुण समसमान होते. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण डाव बरोबरीकडे झुकला होता. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एका घरात नेला, आणि त्या घरावर हत्तींची व पाठोपाठ उंटांची मारामारी करणे गुकेशला शक्य झाले. उरलेल्या राजा-प्याद्यांच्या अंत्यडावात काळा जिंकत होता. पट्टी क्षणात कोसळली. जगभरच्या लाखो प्रेक्षकांना कळले की डिंग हरला. गुकेशला मात्र ते अजून कळले नव्हते. आपण आधी दुसरीच चाल खेळणार होतो, असे त्याने नंतर सांगितले. मग त्याची नजर थबकली, चेहरा बदलला, आणि तीन चालींनंतर डिंगने डाव सोडला.

त्या काही सेकंदांत प्रेक्षक काय करत होते? जगज्जेता होऊ घातलेल्या माणसाहून त्यांना जास्त माहीत होते. त्यामुळे पटाकडे पाहण्याचे त्यांना कारणच उरले नाही. ते गुकेशच्या चेहऱ्याकडे पाहत होते. याला दिसले का? आता दिसेल का? नाटकात नायकाच्या मागे उभा असलेला मारेकरी प्रेक्षकांना दिसतो आणि नायकाला दिसत नाही, तशी ही ओढ. ती जबरदस्त होती, हे मान्यच आहे. पण ती ओढ पट्टीने पुरवली होती. पट्टी झाकून तीच स्थिती पाहणाऱ्याला वेगळा प्रश्न पडतो: हत्ती मारले, उंट मारले, तर राजा वेळेत पोहोचेल का? हा प्रश्न कठीण आहे, पण सुटणारा आहे. आमच्या मंडळात आठवडाभर रोज तासभर खेळणारा माणूस तो पाच-दहा मिनिटांत सोडवतो. ती पाच-दहा मिनिटे पट्टीने खाऊन टाकली.

लायमनचा प्रेक्षक तज्ज्ञाबरोबर चुकत होता. आजचा प्रेक्षक तज्ज्ञाच्या चुकीला हसतो. पन्नास वर्षांत झालेला हा फरक मला फार मोठा वाटतो. चूक करण्याची आणि ती आपली आपण शोधण्याची मोकळीक हा कोणत्याही बुद्धिबळ मंडळाचा पाया असतो. पडद्याने नेमकी तीच मोकळीक काढून घेतली आहे.

याला अपवाद नाहीत असे नाही. नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीने २०१३ च्या चेन्नईतल्या आनंद-कार्लसन सामन्यापासून तासन्‌तास बुद्धिबळ दाखवले, सामान्य माणसाला समजेल अशा बोलीत समजावले आणि एका छोट्या देशाला पटाची सवय लावली. आपल्याकडचे काही खेळाडू-समालोचकही पट्टी बाजूला ठेवून आधी स्वतः विचार करतात. ते ऐकताना लायमनची आठवण होते. उलट ग्लोबल चेस लीगसारख्या स्पर्धेत नियमच पडद्यासाठी घडवलेले असतात: सहा पटांचे संघ, मोजकी मिनिटे, काळ्याने जिंकल्यास पांढऱ्यापेक्षा जास्त गुण. तिथे करमणूक भरपूर आहे, पण डाव समजून घेण्याइतकी उसंत नाही.

आमच्या पट्ट्यातले एक मंडळ

आता जवळचे उदाहरण. मंडळाचे नाव देत नाही, वाहिनीचेही देत नाही. त्याने मुद्द्यात फरक पडत नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा वार बऱ्याच ठिकाणी गुरुवार असतो. विजेच्या नियोजनातून ही प्रथा पडली आणि अंगवळणी पडली. बाकी शहर रविवारी स्पर्धा भरवते, तेव्हा आमच्याकडचा फिटर कामावर असतो. म्हणून हे मंडळ गुरुवारी भरते. वसाहतीतल्या समाजमंदिराची मागची खोली, दहा पट, चार घड्याळे. टूलरूममधला फिटर, सीएनसी ऑपरेटर, निवृत्त स्टोअरकीपर, चाकणला कंत्राटावर जाणारी दोन पोरे आणि शाळकरी मुले. सेकंड शिफ्टचा माणूस सकाळी येतो, फर्स्टचा संध्याकाळी. डाव संपला की उठायचे नाही, हा तिथला अलिखित नियम आहे. मोहरे मागे न्यायचे, चूक कुठे झाली ते शोधायचे. या वेळी पहिले बोलण्याचा मान हरलेल्याचा असतो, कारण आपल्या मनात काय होते ते फक्त त्यालाच ठाऊक. सांगलीला १९४१ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी महाराष्ट्राला जी मंडळाची रीत घालून दिली, तिचीच ही दूरची, गरीब नातलग.

गुकेश जिंकल्यानंतरच्या आठवड्यात एका वृत्तवाहिनीची माणसे तिथे आली. पुढच्या काही महिन्यांत मी मंडळातल्या बहुतेकांशी सावकाश बोललो. त्यावरून आणि प्रसारित झालेल्या तुकड्यावरून हे लिहितो आहे. तुकडा दीड मिनिटाच्या आसपासचा. पहिले दृश्य पटाचे. प्रकाश नीट पडावा म्हणून पट फिरवला गेला होता, त्यामुळे खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर यायचे तिथे काळे आले. दुसऱ्या दृश्यात घड्याळावर जोरात पडणारा हात. तिसऱ्या दृश्यात नऊ वर्षांचा मुलगा, आपल्याला गुकेश व्हायचे आहे असे सांगणारा. ते वाक्य त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले होते. शेवटी अध्यक्षांचे दोन शब्द. मोठ्या माणसांपैकी कोणाचाही खेळ दिसत नाही. फिटर आणि स्टोअरकीपर यांचा अंत्यडाव तेव्हा रंगात आला होता. दृश्यात जास्त मोहरे हवेत म्हणून तो मोडून नवा पट मांडला गेला.

उलटा पट पाहून दुसऱ्या मंडळांतून थट्टेचे फोन आले. सभासदांना ते लागले. खेळ न समजणाऱ्याला ही बारीकसारीक बाब वाटेल. पण नेम धरून रेखणाऱ्या माणसाच्या हाती चुकलेले ड्रॉइंग देऊन त्याचा फोटो काढावा, तसे हे होते.

त्यांनी सांगितलेल्या चांगल्या गोष्टीही नोंदवल्या पाहिजेत. सीएनसी ऑपरेटरच्या घरच्यांना हा गुरुवारी जातो कुठे, हे पहिल्यांदा नीट कळले, आणि आता त्याला जायला कोणी अडवत नाही. समाजमंदिराची खोली महिन्याच्या परवानगीवर मिळत होती, ती वर्षाची झाली. एका सद्‌गृहस्थांनी सहा घड्याळे दिली. पडद्याची ही ताकद नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र पुढच्याच गुरुवारी पालक आले. मुलाला किती महिन्यांत रेटिंग मिळेल, फी काय, शिकवणारा कोण, असे त्यांचे प्रश्न होते. ते प्रश्न चुकीचे नव्हते. पडद्यावर त्यांनी जे पाहिले, त्यातून तेच निघत होते. मंडळाने वर्ग सुरू केले. संध्याकाळी आठपर्यंत दहापैकी सात पट मुलांकडे असतात. फर्स्ट शिफ्ट करून आलेला माणूस आठची वाट पाहतो, आणि साडेनऊला खोली बंद होते. डावानंतरची चर्चा आटली आहे. मुलेही आता मोहरे मागे नेत नाहीत. डाव मोबाईलमध्ये भरतात, पट्टी बघतात आणि चूक कोणत्या चालीला झाली ते मोठ्याने वाचून दाखवतात. ती का झाली, हे कोणी कोणाला विचारत नाही. निवृत्त स्टोअरकीपर अजून येतात. मुलांच्या पटाशी उभे राहून ते प्रत्येक वेळी हेच विचारतात, की तुझ्या मनात काय होते? बहुतेक मुलांना या प्रश्नाचा अर्थ लागत नाही.

या बदलाला एकटी दूरचित्रवाणी जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही. मोबाईल होताच, रेटिंगची ओढ होतीच, गुकेश आणि दिव्या यांच्या यशाने मुलांची रीघ लागणार होतीच. पण मंडळ म्हणजे उद्याचा विजेता घडवण्याची जागा, ही व्याख्या त्या दीड मिनिटाने दिली आणि मंडळाने ती मुकाट्याने घेतली. आपले वर्णन दुसऱ्याने केले की माणूस हळूहळू त्या वर्णनासारखा होत जातो, संस्थाही होते.

काय मागावे

समीक्षकाने नुसती कुरकुर करू नये. पडदा बुद्धिबळाला वैरी नाही, हे लायमनने आणि मास्टर गेमने दाखवून दिले आहे. दोन्ही प्रयोग कमी खर्चाचे होते. त्यांना भव्य मंच लागला नाही. पटाला वेळ द्यावा आणि हरणाऱ्याला आवाज द्यावा, एवढ्या दोन गोष्टी त्यांना सुचल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात महिला ग्रां प्री झाली, हम्पी पहिली आली, दिव्या तिसरी. जागतिक दर्जाचा खेळ आपल्या दारात येऊन गेला. त्यातली रोज एक स्थिती घेऊन मराठी वाहिनीवर दहा मिनिटे बोलायला आपल्याकडे माणसे नाहीत असे कोण म्हणेल? बुडापेस्टला २०२४ मध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला संघाचे कर्णधार अभिजित कुंटे पुण्याचेच.

आणि छोट्या मंडळांनीही काही मागायला शिकले पाहिजे. कॅमेरा आला की आपण ओशाळतो, उठून उभे राहतो, सांगतील तसा पट फिरवतो. आमच्या पट्ट्यातल्या त्या मंडळाच्या वार्षिक सभेत मी तीन अटींचा एक कागद दिला. पट बरोबर मांडलेला असेल तरच चित्रीकरण होईल. चालू डाव मोडला जाणार नाही. आणि दीड मिनिटापैकी वीस सेकंद पडद्यावर एक खरी स्थिती, आवाजाशिवाय, उत्तराशिवाय, तशीच ठेवली जाईल. तिसऱ्या अटीवर सभेत पुष्कळ चर्चा झाली. असले कोणती वाहिनी ऐकेल, असे काहींचे म्हणणे पडले. फिटरने सुचवले की ती स्थिती त्या दिवशी मोडलेल्या अंत्यडावाचीच असावी. त्याला आणि स्टोअरकीपरला ती अजून पाठ होती. सभा संपल्यावर दोघांनी ती मांडली, आणि साडेनऊला खोली बंद करायला आलेल्या माणसाला थोडा वेळ थांबावे लागले.